डॉक्टरांचं माणूस

माझी आई आज चालतीबोलती आहे ती सिनेमामुळे. हसू नका. चारचौघांत मीही देवाची कृपा म्हणते, आणि कृपा असेलच. पण त्या दुपारी देवाच्या हाताशी जे सापडले ते पेणमधले एक सिनेमावेडे डॉक्टर होते. त्यांच्या डिग्रीचे डॉक्टर पेणमध्ये हवे तेवढे मिळतील. त्यांच्यासारखा सिनेमा बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी त्यांच्याकडे कंपाउंडर होते. पेशंट मला सिस्टर म्हणायचे. मी कसली सिस्टर, बारावी झाल्यावर घरात पगार यायला हवा म्हणून चिकटलेली मुलगी. पण अंगात पांढरा कोट असला की पेणमध्ये कोणीही सिस्टर होतं. केसपेपर काढायचे, नंबराने पेशंट आत सोडायचे, गोळ्यांच्या पुड्या बांधायच्या आणि उरलेल्या वेळात डॉक्टरांचं सिनेमापुराण ऐकायचं, ही माझी ड्युटी. चौथी ड्युटी मला नोकरीवर ठेवताना सांगितली नव्हती.

वेटिंगमध्ये टीव्ही होता. त्यावर सकाळ-संध्याकाळ जुने सिनेमे चालायचे आणि आवाज कायम बंद. नवीन पेशंटला वाटायचं टीव्ही बिघडलाय. जुने पेशंट कुरकुरायचे, "डॉक्टर, आवाज लावा की! त्याला काय वेगळं बिल येतंय?" डॉक्टर आतूनच ओरडायचे, "आवाज लावला की तुम्ही ऐकता, बघत नाही. आवाज बंद केला की नट उघडा पडतो. नुसत्या डायलॉगवर तरलेले सगळे बुडतात बघा." पेशंट बिचारे खोकत खोकत मुके सिनेमे बघायचे. हळूहळू त्यांनाही नाद लागला. पापड-मिरगुंडं करणाऱ्या एक काकू होत्या, गुडघे दुखतात म्हणून यायच्या. त्या एकदा मला म्हणाल्या, "सिस्टर, ह्या हिरोला आवाजाशिवाय काय येत नाय गो. नुसता उभा हाय." मी हे आत जाऊन सांगितलं तर डॉक्टरांनी त्या दिवशी काकूंकडून फी घेतली नाही.

त्यांच्या केबिनच्या पार्टिशनला एक काच होती. त्या काचेतून वेटिंग दिसायचं आणि टीव्हीही दिसायचा. पेशंट तपासता तपासता त्यांची नजर मध्येच काचेकडे जायची. लोक म्हणायचे, डॉक्टर माणूस चांगला पण अर्धं लक्ष सिनेमात. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

सगळ्यात मोठा नट कोण, हा वाद त्या दवाखान्यात रोज व्हायचा. शाळेतून रिटायर झालेले एक गुरुजी होते, ते म्हणायचे ज्याची भाषा शुद्ध तो मोठा. बाजारातले एक कापडवाले म्हणायचे, ज्याच्यासारखे शर्ट गावातली पोरं शिवून घेतात तो मोठा, बाकी सब झूट. डॉक्टर सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि मग मान हलवून म्हणायचे, "तुमचे सगळे चांगले आहेत हो. पण माझं माणूस असं करत नाही."

माझं माणूस! हे त्यांचं पेटंट वाक्य. कोणाचा डोळे फाडून राग दिसला, की "माझं माणूस असं करत नाही." कोणी छातीवर हात मारून रडलं, की "माझं माणूस असं कधी रडायचं नाही." हे माणूस म्हणजे कोण, ते मात्र सांगायचे नाहीत. सांगितलं की तुम्ही भांडाल म्हणायचे. मग काय, अंदाजांना ऊत. गुरुजींचा एक हिरो ठरला होता, कापडवाल्यांचा दुसरा. डॉक्टरांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मी एकदा हळूच विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला विचारू नकोस. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्या माणसाला कंटाळले आहे." आणि पदर तोंडाला लावून हसत आत गेल्या.

मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही रोह्याला जायचो. तिथे स्टेशनजवळ त्यांनी एक खोली घेतली होती. आगगाडी मिळाली तर आगगाडी, नाहीतर एसटी. रोह्याचे पेशंट म्हणजे मुख्यतः कंपन्यांतले कामगार, आणि त्यातले निम्मे आजारपणाचं सर्टिफिकेट मागायला आलेले. त्यांचे अभिनय बघून मला हसू आवरायचं नाही. खांब गावचा महेश म्हणून एक होता, तो एकदा पोट धरून, कमरेत वाकून, दारापासूनच "आई गं, आई गं" करत आला.

डॉक्टर म्हणाले, "महेश, बाहेर जा आणि परत ये."

"का हो डॉक्टर?"

"दारात आल्यावर विव्हळायला लागलास. जिन्यात गप्प होतास, मी ऐकत होतो. ज्याचं खरं दुखतं तो उलट करतो. जिन्यात विव्हळतो आणि माणसं दिसली की गप्प होतो."

महेश सरळ उभा राहिला. त्याचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं.

"आता खरं सांग. काल काय केलंस?"

"डबल शिफ्ट मारली. परवा पण. रिलिव्हर आलाच नाय."

"मग दमलोय म्हणून सांग ना! पोट दुखतंय म्हणायला लाज वाटत नाही आणि दमलोय म्हणायला वाटते?" असं म्हणून त्यांनी त्याचं बीपी बघितलं, डोळे बघितले आणि दोन दिवस झोप काढायची असं खरोखरच कागदावर लिहून दिलं. वर म्हणाले, "वाकण्याचा अँगल चांगला होता. पण माझं माणूस वाकलं नसतं."

थिएटरात त्यांना नेणं म्हणजे शोभा. एका वर्षी दिवाळीला त्यांनी आम्हा सगळ्यांना पनवेलला सिनेमाला नेलं. हिरोला छातीत गोळी लागली आणि तो बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून बोलायला लागला. लहानपण झालं, आईची शपथ झाली, व्हिलनला क्षमा झाली. डॉक्टर खुर्चीत चुळबुळत होते. शेवटी न राहवून मोठ्याने म्हणाले, "अरे, फुप्फुस गेलंय त्याचं! इतकी हवा आणतो कुठून?" अख्खं थिएटर हसलं. हिरोच्या मरणाला टाळ्या पडल्या. वहिनींनी कपाळाला हात लावला आणि मी पॉपकॉर्नमध्ये तोंड लपवलं.

आणि एकदा तर खराखुरा नट दवाखान्यात आला. नाव नाही सांगत, पण तुम्ही सगळे ओळखता. अलिबागेकडे बंगल्यावर निघाला होता, वाटेत पोट बिघडलं. पेणमध्ये ही बातमी कशी फुटली देव जाणे, दहा मिनिटांत दवाखान्यासमोर एसटी वळेना. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, "बाकावर बसा, तुमच्या आधी दोघे आहेत." तोही बिचारा गुपचूप काकूंच्या शेजारी बसला. नंतर सगळ्यांनी डॉक्टरांना घेरलं, कसा वाटला, कसा वाटला? डॉक्टर म्हणाले, "जुलाब झालेला माणूस वाटला. पडद्यावर इतका खरा कधी दिसला नव्हता."

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, आणि हे त्यांनी मला रोह्याच्या गाडीत शंभर वेळा ऐकवलं असेल. "हे बघ. रडायला ग्लिसरीन मिळतं. ओरडायला फुप्फुसं लागतात, ती म्हशीलाही असतात. पण आतून काहीतरी वर येतंय आणि ते समोरच्याला दिसू नये म्हणून माणूस धडपडतंय, ती धडपड ज्याला दाखवता येते तो मोठा. दुखणं दाखवणारे पुष्कळ. लपवणं दाखवता आलं पाहिजे. आणि तोच सिनेमा आपण पुन्हा दहा वर्षांनी बघावा, तेव्हा कळावं की अरे, हे इथे लपवलं होतं, आपल्याला मागच्या वेळी दिसलंच नव्हतं. असं ज्याच्याबाबतीत होतं तो कायमचा मोठा. बाकीचे सीझनचे आंबे."

मी म्हणायचे, "व्हय व्हय," आणि खिडकीबाहेर बघायचे. मला काय ठाऊक, हे माझ्याच घरावर येणार आहे.

आमचं घर खाडीच्या अंगाला. माझा बाप मी शाळेत असतानाच गेला. आईने मिठागरात डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहून आम्हाला वाढवलं. पुढे मिठागरं कमी झाली तशी ती हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात जायला लागली. मूर्ती घासायच्या, रंगाचा पहिला हात द्यायचा, सीझनला दिवस दिवस उभं राहायचं. बोलण्यात पटाईत. कारखान्यातल्या गोष्टी अशा रंगवून सांगायची की ऐकणाऱ्याचं काम राहून जावं. आजारी म्हणून ती कधी निजलेली मी पाहिली नाही.

तर ती त्या दिवशी मला डबा द्यायला दवाखान्यात आली. सीझन तोंडावर आला होता, वेटिंग भरलेलं. बायकांनी तिला सरकून जागा दिली आणि तिची गोष्ट सुरू झाली. कोणी मुंबईचा व्यापारी मूर्ती बघायला आला होता आणि म्हणाला, ह्या गणपतीचं तोंड रागीट आहे, बदला. "मी बोलली त्याला," आई सांगत होती, "शेठ, तुमी भाव करताव त्याच्यासमोर उभं राहून, मग तो काय हसंल?" बायका खो खो हसत होत्या. मीसुद्धा पुड्या बांधता बांधता हसत होते.

आत डॉक्टर गुरुजींचं बीपी बघत होते. दंडाला पट्टा गुंडाळलेला, हवा भरलेली, कानात स्टेथोस्कोप. आणि एकदम ते उठले. पट्टा तसाच सोडून, दार ढकलून बाहेर आले. मागून गुरुजी ओरडतायत, "अहो डॉक्टर, हात गेला माझा!" डॉक्टरांना ऐकूच आलं नाही. ते आईसमोर जाऊन उभे राहिले.

"ताई, कुठे दुखतंय?"

आई बघतच राहिली. "मना? मना कशाला दुखंल? डबा द्यायला आली मी पोरीला."

"दंडात की पाठीत?"

"काय पण बोलताव डाक्टर. सिनेमे बघून डोकं फिरलाय तुमचं." बायका पुन्हा हसल्या.

"जबड्यात?"

आईचं हसू तिथे थांबलं. क्षणभर तिने माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. "दाढ ठणकते थोडी," ती हळूच म्हणाली. "दोन दिस झाले. लवंग धरते मी दाढंखाली. त्याचं काय एवढं?"

डॉक्टरांनी तिला हाताला धरून आत नेलं. गुरुजी पट्ट्यासकट बाहेर आले, मी त्यांची हवा सोडली. आतून कार्डिओग्रामच्या मशीनचा आवाज आला आणि मग डॉक्टरांनी मला हाक मारली ती माझ्या नावाने, सिस्टर म्हणून नाही. मी गुरुजींचा पट्टा तिथेच टाकून आत धावले. दाढ नव्हती ती. हार्ट अटॅक होता, येऊन बसलेला, आणि माझी आई त्याच्यासकट बाकावर बसून लोकांना हसवत होती.

तिला गोळी चघळायला दिली. डॉक्टरांनी गाडी काढली, आपली स्वतःची. निघताना वेटिंगकडे वळून म्हणाले, "आज सगळ्यांनी सिनेमा बघा. हवा तर आवाज लावा." त्या टीव्हीला आवाज लागलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पनवेलपर्यंत आई मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती आणि सारखी म्हणत होती, "काय नाय झालंय गो. उगाच कारखान्याचा खाडा झाला. डाक्टर, खड्डे बघून चालवा." मी घाबरून रडत होते. मला गप्प करायचं कामही तीच करत होती.

हॉस्पिटलात तिला आत नेलं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी विचारलं, "डॉक्टर, मी एका घरात राहते तिच्याबरोबर. मला नाय कळलं. तुम्हाला काचेतून कसं कळलं?"

"कानात स्टेथोस्कोप होता, आवाज येत नव्हता ना मला," ते म्हणाले. "तू गोष्ट ऐकत होतीस, मी नुसती तिला बघत होतो. गोष्ट सांगताना तिचा उजवा हात नाचत होता, डावा मांडीवरून हलला नाही. आणि मध्येच तिने एक शब्द सोडला. श्वास घेतला, तो गिळला, पण हसू जिथल्या तिथे धरून ठेवलं. शेजारणीलासुद्धा पत्ता लागला नाही. असं लपवणं जगात दोनच बायकांना जमतं. एक माझं माणूस, आणि एक तुझी आई."

मग डोक्यात प्रकाश पडला. "दोन बायका? डॉक्टर, तुमचं माणूस बाई आहे?"

"मग? मी कधी 'माझा माणूस' म्हटलं होतं का?"

नव्हतं म्हटलं. कधीच नव्हतं. माझं माणूस, ते माणूस. अख्खं पेण आणि निम्मं रोहा इतकी वर्षं ऐकत होतं आणि मोठा नट म्हटल्यावर सगळ्यांनी आपापल्या डोक्यात एकेक हिरो उभा केला होता. गुरुजींनी जन्मभर लिंग-वचन शिकवलं, त्यांच्याही कानावरून गेलं. एवढ्या काळजीतही मला हसू फुटलं. डॉक्टर पण हसले, आणि मग मला ताण विसरायला लावायला म्हणा किंवा त्यांनाच राहवेना म्हणून म्हणा, त्यांनी त्या नटीची गोष्ट सांगितली.

बाईंनी कधी हिरॉइनचं काम केलं नव्हतं. आई, मोलकरीण, शेजारीण, नर्स, हेच. पोस्टरवर फोटो नाही, नाव असलं तर सगळ्यात खाली. नाव डॉक्टरांनी मला सांगितलं. मी इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर तुम्ही म्हणाल, कोण? आणि मला त्याचा राग येईल. बाईंचा एक सीन डॉक्टरांनी तिथे त्या बाकावर बसून मला करून दाखवला. मुलगा जेवायला बसलाय आणि सांगतोय की घर विकायचं ठरवलंय. बाई वाढतायत. काही बोलत नाहीत, हात थांबत नाही, चेहरा जेवायला वाढणाऱ्या बाईचा असतो तसाच. "मी तो सिनेमा तिसऱ्यांदा बघत होतो," डॉक्टर म्हणाले, "तेव्हा मला दिसलं. ताटात मीठ वाढलेलं आहे, आणि ती परत मीठ वाढते. बस. एवढंच. कॅमेरा त्या ताटाकडे बघतसुद्धा नव्हता. अगं, मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. लोकांना वाटलं सिनेमा आवडला नाही, चालला. तो नाचणारा, तो मारामारी करणारा, तो एका भुवईवर पाच सिनेमे काढणारा, सगळे मोठेच. पण त्या दिवशी मला कळलं की पेशंटकडे कसं बघायचं. कॉलेजात मला कोणी हे शिकवलं नव्हतं."

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले, म्हणजे हॉस्पिटलचे, आणि म्हणाले स्टेंट बसला, वेळेत आणलंत. मी आमच्या डॉक्टरांच्या पाया पडले. ते म्हणाले, "माझ्या पाया काय पडतेस? त्यांच्या पड." पण त्या बाई तर कधीच्या गेल्या होत्या, म्हणून मी दुसऱ्यांदाही डॉक्टरांच्याच पाया पडले.

आई घरी आल्यावर तिला दवाखान्यात बोलावून डॉक्टरांनी जी खरडपट्टी काढली, ती मी विसरणार नाही. "ताई, दोन दिवस दुखत होतं तर बोलला का नाहीत?"

आई आधी हसण्यावारी न्यायला लागली. मग ते हसेनात तेव्हा म्हणाली, "डाक्टर, मिठागरात बाई दुखतंय बोलली की दुसऱ्या दिशी मुकादम तिला हाक नाय मारायचा. तिच्या जागी दुसरी उभी असायची. मग कोण बोलंल? पाठीत उसण भरली तरी हसत पाटी उचलायची. आता सवय झाली. दुखलं की हसायलाच येतं मना."

मी केबिनमध्येच होते. माझ्या डोळ्यांसमोरून आईची सगळी हसणी गेली, लहानपणापासूनची, आणि त्यातली कोणती खरी आणि कोणती दुखण्याची ते मला ठरवता येईना. असं वाटलं की धावत जाऊन त्या मुकादमाची मानगूट धरावी.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "मग आता औषध ऐका. ह्या गोळ्या चालू राहतील, त्या तुमची मुलगी देईल. आणि दर आठवड्याला इथे येऊन मला 'दुखतंय' म्हणून ओरडून दाखवायचं. पुढच्या वेळी मी काचेआड असेनच असं नाही."

आईला वाटलं थट्टा करतायत. पण नाही. पुढच्या आठवड्यात वेटिंगमध्ये सगळ्यांसमोर तिला उभं केलं. आई लाजून लाल. "अगो बाय माझे, लोक काय बोलतील?" लोक काय बोलणार, लोक खूश झाले. आई म्हणाली, "दुखतंय." अशी म्हणाली की जसा कोथिंबिरीचा भाव सांगतेय.

"ऐकू नाही आलं," डॉक्टर म्हणाले.

"दुखतंय की हो!"

गुरुजी म्हणाले, "आर्तता नाही." काकू म्हणाल्या, "अगो, शेजारणीशी भांडतेस तसा आवाज काढ." महेश एकदा पेणला आला होता तो म्हणाला, "मावशी, मी शिकवू का? मना अनुभव हाय." हसून हसून लोकांचे खोकले वाढले. सहा-सात आठवडे हा तमाशा चालला. शेवटी डॉक्टरांनी हात जोडले. "ताई, तुमच्याइतकी वाईट नटी मी पाहिली नाही. आणि तुमच्याइतकी चांगलीही नाही. आता जा. पण ओरडायचं लक्षात ठेवा."

पुढे डॉक्टरांच्या गुडघ्यांनी दगा दिला. आधी रोहा सुटलं, मग पेणचा दवाखाना बंद झाला आणि ते दोघं लेकीकडे नाशिकला गेले. टीव्ही मला देऊन गेले. मी आता पेणलाच दुसऱ्या एका हॉस्पिटलात आहे, मधल्या काळात नर्सिंग केलं, आता खरीखुरी सिस्टर. त्या कोर्सचा फॉर्म भरायला लावणारेही डॉक्टरच. त्यांचं हे माझ्यावरचं ऋण मी मोजत बसत नाही, ते संपणारं नाही. वाटेल तेव्हा फोन करते आणि कोणता तरी नवा नट कसा भिकार आहे ते ऐकते.

ते नाशिकला गेल्यावर दुसऱ्या सीझनला, हमरापूरच्या कारखान्यात, भरदुपारी, आईला पुन्हा दुखलं. मी तिथे नव्हते. मला हे मागाहून बायकांनी सांगितलं. मुंबईची मंडळी मूर्ती न्यायला आलेली, मालक घाईत, चार बायका रंगाला बसलेल्या. आईने हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. थोडा वेळ नुसती बसून राहिली. शेजारची म्हणाली, काय गो, तर आई हसली. हसली, असं ती शेजारची मला शपथेवर सांगते. आणि मग त्या हसण्यातच तिने तोंड उघडलं आणि अशी किंकाळी फोडली की मालक आतल्या खोलीतून धावत आला.

"काय फुटली? कंची मूर्ती फुटली?"

"मूर्ती नाय रे मेल्या!" आई ओरडली. "मी! माझ्या छातीत दुखतंय! मना न्या!"

मुंबईला मूर्ती न्यायला आलेला टेम्पो दारात उभा होता, आत पेंढा पसरलेला. मूर्ती उतरवून त्या पेंढ्यावर आईला निजवलं. दोन बायका बाजूला बसल्या. आई रस्ताभर ओरडत होती, थांबलीच नाही. बाया म्हणाल्या, "मावशी, आता पुरं, निघालोय ना आपण," तरी थांबली नाही. पनवेलला पोहोचली तेव्हा तिचा घसा बसला होता. ह्या वेळीही वेळेत आणलंत म्हणाले.

दोन दिवसांनी तिला वॉर्डात आणल्यावर मी डॉक्टरांना नाशिकला फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताईंना दे." मी फोन स्पीकरवर टाकून आईच्या तोंडाशी धरला.

"काय ताई," पलीकडून आवाज आला, जरा घोगरा, "ऐकलं मी. टेम्पोत पनवेलपर्यंत? जरा जास्तच केलंत की काय?"

आईने डोळे मिटले. घसा बसलेला, त्यातून ती म्हणाली, "नाय हो डाक्टर. खरंच दुखत होतं. लय दुखत होतं."

आणि ती रडायला लागली. वॉर्डातल्या सगळ्या बायकांसमोर, तोंड न झाकता, हमसून हमसून. पलीकडे डॉक्टरांनीही फोन ठेवला नाही. शेजारच्या खाटेवरची बाई मला खुणावत होती, हिला गप्प कर, हिला गप्प कर. मी केलं नाही.